बाळापूरचा खलाशी

हिंगोलीच्या एका शाळेला जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात मी सव्वीस वर्षं इतिहास शिकवतो आहे. त्यातला माझा सगळ्यात आवडता भाग समुद्राचा. कोणत्या देशाने जहाजं बांधली, कोणाच्या तोफा कुठवर पोचायच्या, मूठभर माणसं सहा-सहा महिने पाण्यावरून येऊन आपल्या लाखाच्या फौजांना कशी भारी पडली, हे सांगताना मला तास संपल्याची घंटा ऐकू यायची नाही. स्वतः मी समुद्र आजवर दोनदाच पाहिला आहे. एकदा बी.एड.च्या सहलीत आणि एकदा एका मित्राच्या लग्नाला गेलो तेव्हा. पोहायला तर मला आजही येत नाही.

माझं गाव पुसेगाव. आमच्या वस्तीत मास्तरकीपर्यंत पोचलेला मी दुसरा. लहानपणी वडिलांबरोबर हिंगोलीच्या बाजाराला आलो होतो, तेव्हा जुन्या छावणीच्या बाजूला कुणीतरी आम्हाला गोऱ्यांच्या कबरी दाखवल्या. झुडपांत दबलेले तीन-चार दगड, त्यांवर झिजलेली अक्षरं. वडिलांना वाचता येत नव्हतं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे लोक इथं काहून मेले असतील? यांचा मुलूख तर समुद्रापल्याड." मला उत्तर माहीत नव्हतं. पुढे एम.ए. करताना ते सापडलं, तेव्हा फार उशीर झाला होता, वडील गेले होते.

उत्तर सरळ होतं. निजामाचं राज्य एके काळी समुद्राला टेकलेलं होतं. किनाऱ्याचे जिल्हे आधी फ्रेंचांच्या हातात गेले, मग इंग्रजांच्या, आणि आमचा सगळा मुलूख चारी बाजूंनी जमिनीने कोंडला गेला. मग त्याच इंग्रजांचे अधिकारी निजामाच्या पगारी फौजेवर बसले आणि हिंगोलीत तिची छावणी पडली. ज्याने किनारा सोडला त्याच्या घरात परका येऊन बसतो, असं मी वर्गात दरवर्षी सांगायचो. मला ते वाक्य आवडायचं. ऐकणाऱ्या पोरांना बहुतेक काही वाटायचं नाही. आमच्याकडे इतिहास घेणारी मुलं म्हणजे विज्ञानात प्रवेश न मिळालेली. हजेरीपुरती यायची, खिडकीतून बाहेर बघत बसायची.

नऊ-दहा वर्षांपूर्वी अकरावीला एक पोरगा आला. आखाडा बाळापूरचा, मुसलमान घरातला. रोज एसटीने यायचा. त्याचे वडील सुतार, सगळं बाळापूर त्यांना मिस्त्रीच म्हणायचं. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं दुकान, दारं, खाटा, चौकटी बनवायचे. पोराचं नाव मी इथे लिहीत नाही, त्यांचंही लिहीत नाही. गाव छोटं आहे, आणि त्यांच्या घरात ते नाव अजूनही कुणी घेत नाही.

पहिल्याच महिन्यात तो तासात उभा राहिला. "सर, आपल्या राजांकडं एवढी फौज व्हती, हत्ती व्हते, घोडे व्हते. मग समुद्रावर कुणीच काहून गेलं न्हाई?"

मी म्हणालो, "गेले ना. मराठ्यांचं आरमार होतं. इंग्रज, पोर्तुगीज त्याला भ्यायचे."

"मग त्याचं काय झालं?"

"आपणच बुडवलं. पुण्याच्या दरबाराचं आणि आरमाराच्या सरदाराचं पटेना. दरबाराने इंग्रजांना मदतीला बोलावलं. बंदरात उभी असलेली सगळी जहाजं जळाली."

तो बसला नाही. "आपलीच?"

"आपलीच."

"अन् मग सगळे गप बसले?"

सव्वीस वर्षांत असा प्रश्न मला त्या एकाच पोराने विचारला. तास संपल्यावर तो माझ्या मागोमाग शिक्षकांच्या खोलीपर्यंत आला आणि पुढची दोन वर्षं तसाच येत राहिला.

एकदा मी सांगितलं, की तोफ फार जड असते. ती जहाजाच्या वरच्या बाजूला ठेवली तर जहाज कलंडतं. म्हणून युरोपातल्या सुतारांनी जहाजाच्या पोटालाच भोकं पाडली आणि तोफा खाली नेल्या. सगळी जादू त्या भोकांत होती. आठवडाभराने पोरगा शाळेच्या दप्तरात हातभर लांबीचं सागवानी जहाज घेऊन आला. बापाच्या दुकानातल्या तुकड्यांतून बनवलेलं. पोटाला दोन्हीकडे सहा-सहा भोकं आणि प्रत्येक भोकाला तंबाखूच्या डबीच्या पत्र्याचं झाकण.

"सर, हौदात सोडून पाहिलं. भोकं लई खाली घेतली तं पाणी घुसतं. वर घेतली तं लवंडतं. चार वेळा बुडालं. मधली जागा सापडायला दोन दिवस गेले." मग हसून म्हणाला, "ते लोक जित्या माणसांवर शिकले असतील ना हे?"

मी त्याचं कौतुक केलं. मुख्याध्यापकांना दाखवलं. त्याच्या त्या शेवटच्या वाक्याकडे मात्र माझं लक्ष गेलं नाही.

बारावीनंतर तो नौदलाच्या भरतीला गेला. पळण्यात, दंड-बैठकांत पहिल्या दहांत होता. वैद्यकीय तपासणीत बाहेर काढला. उभं राहिल्यावर गुडघे एकमेकांना लागतात म्हणून. दुसऱ्या वर्षी पुन्हा गेला, पुन्हा तेच. त्याने गुडघ्यांत उशी धरून झोपायला सुरुवात केली होती, कुणीतरी सांगितलं म्हणून. हाडं काही सरकली नाहीत.

मग त्याने व्यापारी जहाजांचा रस्ता शोधला. किनाऱ्यावर कुठेतरी सहा महिन्यांचं प्रशिक्षण, मग खलाशी म्हणून भरती. मालवाहू जहाजं, साफसफाई, दोर, साखळ्या, रंगकाम. त्याला त्यातलं काहीही चाललं असतं.

त्याच दिवसांत एका दुपारी मिस्त्री माझ्या घरी आले. पहिल्यांदाच. खुर्चीच्या कडेवर बसले. हातांना लाकडाचा भुसा तसाच होता, दुकान अर्ध्यावर सोडून आले होते.

"सर, पोरगं समुद्रावर जातो म्हणून राहिलं. त्याच्या हातात चांगला हुनर आहे. माझ्यापेक्षा साफ काम करतो. इथंच दुकान वाढवता येतं. त्याच्या अम्मीनं दोन दिवस झाले नीट खाल्लं न्हाई."

"त्याच्याशी बोललात का?"

"माझं ऐकत न्हाई. तुमचं ऐकतो. तुमी एकदा नको म्हणा, बस. तुमी नको म्हटलं तं त्यो जाणार न्हाई."

ते खरं होतं. मी नको म्हटलं असतं तर तो गेला नसता. मला ते त्या क्षणीही माहीत होतं.

मी म्हणालो, "जाऊ द्या मिस्त्री. आपल्याकडचा कुणी इतक्या लांब गेलाय का आजवर? त्याला जग बघू द्या."

मिस्त्रींनी मान डोलावली. मास्तराचं म्हणणं म्हणून वाद घातला नाही. चहा घेतला, "बराबर आहे" म्हणाले आणि चपला घालून निघून गेले. मी दारात उभा राहून त्यांच्याकडे बघत होतो आणि मला आनंद झाला होता. माझा विद्यार्थी समुद्रावर चालला होता, मी शिकवलेल्या समुद्रावर. तो आनंद मला आज आठवतो तेव्हा मान खाली जाते. पण तो झाला होता, हे लिहिलं पाहिजे.

तो गेला आणि पहिली काही वर्षं सगळं छान चाललं. नऊ महिने जहाजावर, तीन महिने घरी. मला फोनवर निरोप यायचे. "सर, मलाक्का ओलांडलं." "सर, सुएझमधून चाललो आहे, दोन्हीकडं वाळूच वाळू." मी शिकवलेली नावं एकेक करून तो खरी करत होता. मी ते निरोप वर्गात वाचून दाखवायचो. खिडकीबाहेर बघणारी पोरंसुद्धा तेवढ्यापुरती आत बघायची.

सुट्टीत आला की आधी माझ्याकडे यायचा, खजूर घेऊन. रंगाने काळा पडला होता, दंड भरले होते, डाव्या हाताचं एक नख साखळीत सापडून गेलं होतं. एकदा बसल्या बसल्या म्हणाला, "सर, राग येऊ देऊ नका. तुमी आमाला राजे शिकवले, सेनापती शिकवले, तोफा शिकवल्या. खलाशी शिकवलेच न्हाईत."

"म्हणजे?"

"म्हणजे ज्या जहाजातनं ते आले ते चालवणारे कोण व्हते? किती मेले? आमच्या जहाजावर एक म्हातारा आहे, फिलिपिन्सचा. त्यो म्हणतो, समुद्रावरचा माणूस मेला की फक्त त्याची जागा भरतात. पूर्वीबी तसंच असल ना?"

मी म्हणालो, हो, तसंच होतं. लांबच्या सफरीत दर जहाजामागे कितीतरी माणसं हिरड्या सुजून, ताप येऊन मरायची, त्यांना कापडात शिवून पाण्यात सोडायचे. हे सगळं मला माहीत होतं. पुस्तकात होतं. पण परीक्षेला येत नाही म्हणून मी कधी वर्गात सांगितलं नव्हतं.

चौथ्या खेपेला त्याला चांगल्या कंपनीचं जहाज मिळालं नाही. घरी बसून पाच महिने झाले होते. मुंबईच्या एका दलालामार्फत त्याला एक जुनं जहाज मिळालं. निघताना त्याने मला फोटो पाठवला. पुढच्या भागावर गंजाचे ओघळ उतरलेले, नाव दोनदा बदलून पुन्हा रंगवलेलं, खालची जुनी अक्षरं दिसत होती. मी त्याला म्हणालो, "हे फार जुनं दिसतंय रे." तो म्हणाला, "तरंगतं सर. तेवढं बास."

ते जहाज धान्य घेऊन अरबस्तानाच्या खालच्या अंगाला एका बंदराबाहेर पोचलं आणि तिथेच अडकलं. त्या भागात लढाई पेटली होती. एका बाजूचं आरमार बंदरात कुणाला जाऊ देत नव्हतं, दुसरी बाजू कुणाला परत फिरू देत नव्हती. माल उतरेना, मालक फोन उचलेना. त्यांनी नांगर टाकला आणि वाट बघत बसले. आठवडा गेला, महिना गेला, मग आम्ही महिने मोजायला लागलो.

किनाऱ्याचा सिग्नल कधी मिळायचा, कधी नाही. मिळाला की तो आधी अम्मीला फोन करायचा आणि मग मला. माझ्या मधल्या सुट्टीच्या सुमाराला. मी शाळेच्या मागच्या भिंतीशी उभा राहून बोलायचो.

"काय खाताय रे?"

"भात अन् कांदा. दोन टाइम भातच. पाणी मापून देऊन राहिले. आंघोळ खाऱ्या पाण्याची, अंगाला खाज सुटली."

"बाकीचे कसे आहेत?"

"कॅप्टन बोलत न्हाई कुणाशी. एक पोरगा दिवसभर नमाजच पढत बसतो. सर, समोरून लढाऊ जहाजं जातात. इतक्या जवळून की वरची माणसं दिसतात. आमी हात करतो. ते दुर्बिणीतून बघतात अन् निघून जातात."

मी त्याला धीर द्यायच्या नादात शिकवायला लागायचो. सवय. नाकेबंदी म्हणजे काय, पूर्वी कुठल्या राजाने कुठलं बंदर कसं अडवलं, शत्रूचं धान्य तोडणं ही किती जुनी चाल आहे. तो ऐकून घ्यायचा. मग एकदा त्याने विचारलं, "सर, त्या टायमाला जी तिसऱ्याच माणसाची जहाजं अडकायची, ती कवा सुटायची?"

"दोघांपैकी एक थकला की."

"अन् दोघंबी थकले न्हाईत तं?"

मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही.

मिस्त्री आणि मी अर्ज घेऊन फिरायला लागलो. मी लिहायचो, ते सही करायचे. हिंगोलीतल्या एका कार्यालयात टेबलामागच्या माणसाने अर्ज वाचून वर बघितलं. "हिंगोलीचा माणूस समुद्रात काय करून राहिला?" तो वाईट बोलला नाही, त्याला खरंच नवल वाटलं होतं. त्याने अर्ज घेतला, शिक्का मारला. आणखी कुठे कुठे पाठवले. उत्तरं यायची ती एकाच तऱ्हेची, आपला अर्ज संबंधितांकडे पाठवला आहे.

संबंधित कोण, हे शोधता शोधता मी थकलो. जहाजावर झेंडा एका चिमुकल्या बेटाचा, जिथे ते जहाज कधी गेलंच नव्हतं. मालक दुसऱ्या देशातली कंपनी, तिचा पत्ता म्हणजे एक टपालपेटी. माल तिसऱ्याचा. दलाल मुंबईत. मी इतकी वर्षं शिकवलं, की अमुक राजाने तमुक बंदर घेतलं, अमुक कंपनीने तमुक किनारा बळकावला. तिथे दर वेळी एक नाव असायचं. इथे बोट ठेवायला नावच नव्हतं.

आम्ही दोघं मुंबईला गेलो, रेल्वेने. पत्त्यावर पोचलो तर दलालाच्या कार्यालयाच्या जागी मोबाइलचं दुकान. दुकानातला पोरगा म्हणाला, दोन महिन्यांपूर्वी ते लोक सोडून गेले. कुठे गेले माहीत नाही. आम्ही जिन्यात बसलो. मिस्त्रींनी घरून आणलेली भाकरी सोडली, अर्धी मला दिली. परतीच्या गाडीला पाच-सहा तास होते. मी म्हणालो, "मिस्त्री, समुद्र इथून जवळ आहे. तुम्ही कधी बघितला नाही ना? जाऊन येऊ."

त्यांनी भाकरीचा घास खाली ठेवला. "नको सर. त्याचं तोंड न्हाई पाहायचं मला."

आम्ही स्टेशनवर जाऊन बसलो आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरलो.

ती बातमी आली त्या दिवशी शाळेत चाचणी परीक्षा होती. मी वर्गात पर्यवेक्षणावर होतो. पोरं खाली मान घालून लिहीत होती. दारात मिस्त्री येऊन उभे राहिले. पायात चपला नव्हत्या. बाळापूरहून एसटीने, अनवाणी आले होते. मी बाहेर गेलो.

"सर, फोन आला. त्याच्या जहाजावरच्या पोराचा. मला त्याचं हिंदी नीट समजलं न्हाई. तुमी एकदा बोलून बघा." फोन त्यांनी माझ्या हातात दिला. त्यांना समजलं होतं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून काही वेगळं ऐकायला मिळेल म्हणून ते तीस कोस चालतही आले असते.

मी फोन लावला. पलीकडचा केरळकडचा होता, मोडक्या हिंदीत रडत बोलत होता. तीन दिवसांपूर्वी दुपारी आकाशातून काहीतरी आलं, कुणाचं ते कुणालाच कळलं नाही. जहाजाच्या पुढच्या भागावर पडलं. आमचा पोरगा आणि आणखी एक जण तिथे होते, नांगराच्या साखळीचं काम करत. बाकीच्यांना एका मच्छीमार होडीने उचललं. साखळी तुटलेलं जहाज खोल पाण्यात वाहत गेलं, दोन दिवस जळत राहिलं आणि मग बुडालं. "सर, हमने बहुत आवाज दिया," तो म्हणाला. त्याचाही मी 'सर' झालो होतो. पोराने त्यालाही माझ्याबद्दल सांगितलं असावं.

मी मिस्त्रींना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, कारण ते माझ्या तोंडाकडेच बघत होते. ते ऐकून म्हणाले, "त्याच्या अम्मीला तुमी सांगा. मला जमणार न्हाई."

मी त्यांच्याबरोबर बाळापूरला गेलो. दुकानाच्या मागेच घर. अंगणात हळद वाळत घातलेली होती. चाची, म्हणजे पोराची आई, ती हलवत होत्या. आम्हा दोघांना एकत्र येताना बघून त्या उभ्या राहिल्या. मला तोंड उघडावं लागलंच नाही. त्या खाली बसल्या, हळदीतच. मग शेजारच्या बायका आल्या आणि घर आवाजाने भरून गेलं.

मय्यत नव्हती, देहच हाती आला नव्हता. काय करायचं ते कुणाला कळेना. मशिदीतले मौलाना आले. ते भले माणूस. त्यांनी सांगितलं, दुआ करा, कुराण पढा, बाकी अल्लाच्या हवाली. पण समोर कुणी नाही, खांदा द्यायला काही नाही, कब्रस्तानात जागा नाही. गावातले लोक येऊन बसायचे आणि उठायची वेळ कुठली ते न कळून बसूनच राहायचे.

चौथ्या दिवशी मिस्त्रींनी मला विचारलं, "सर, नकाशात ती जागा दाखवता?"

दुसऱ्या दिवशी मी शाळेचा नकाशासंग्रह घेऊन गेलो. पान उघडलं. बोट ठेवलं. त्यांनी आपला अंगठा तिथे ठेवला. जाड, रंध्याने चिरलेला अंगठा. त्याखाली अर्धा समुद्र झाकला गेला.

"इथं किती खोल असल?"

मी अदमासाने मीटरमध्ये सांगितलं. त्यांना ते कळलं नाही. "पुरुष सांगा," म्हणाले. आमच्याकडे विहिरीची खोली अजून जुनी माणसं पुरुषात मोजतात, एक माणूस हात वर करून उभा राहील तेवढी.

मी मनात भाग दिला. "ऐंशी-नव्वद."

"आमची विहीर सात पुरुष आहे," ते म्हणाले. "तिच्यात बादली पडली तं गळ टाकून काढतो आमी."

चाची आतून ऐकत होत्या. बाहेर येऊन चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. माझ्याशी त्या एरवी फारसं बोलायच्या नाहीत. त्या दिवशी पदर सारखा करून हळू आवाजात म्हणाल्या, "सर, तुमी नको म्हटलं असतं तं ऱ्हायला असता त्यो."

मिस्त्री म्हणाले, "चूप बस. सरांचं काय त्यात."

"मी भांडून न्हाई राहिले. म्हणून राहिले फक्त."

मी म्हणालो, "चाची, बरोबर आहे तुमचं."

त्यांना वाटलं असेल मी काही समजावून सांगेन. मला सांगण्यासारखं तेवढंच होतं. त्या आत गेल्या. त्यानंतर आजपर्यंत त्या माझ्यासमोर आल्या नाहीत. मी गेलो की आतून चहा येतो, कप मिस्त्रीच आणून ठेवतात.

पुढचं सगळं कागदांचं. तो मेला असं कुठेच लिहून मिळत नव्हतं. 'बेपत्ता' लिहिलं होतं. वकिलाने सांगितलं, माणूस सात वर्षं कुणाला दिसला नाही, त्याची काही खबर आली नाही, तर कायदा त्याला मेलेला धरतो. त्याआधी दाखला हवा तर पुरावा आणा. पुरावा ऐंशी-नव्वद पुरुष खाली होता. त्या केरळच्या पोराने एक पत्र लिहून पाठवलं, आपल्या भाषेत आणि मोडक्या इंग्रजीत. ते आम्ही जोडलं. कार्यालयात नवा माणूस आला होता. त्याने पत्र दोनदा वाचलं आणि परत दिलं. "हे चालत नाही सर. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला कळतं."

वकिलाकडून निघालो तेव्हा पायऱ्यांवर मिस्त्री थांबले. "सात वर्षं म्हणजे मी कितीचा होईन?"

"अडुसष्ट."

"तवर डोळे राहिले पाहिजेत सही करायला," ते म्हणाले आणि पायऱ्या उतरायला लागले. एका डोळ्याने त्यांना आता धूसर दिसतं. दुकानात बारीक काम ते घेत नाहीत. फक्त चौकटी आणि खाटा.

त्याला आता दोन वर्षं होत आली. लढाई अजून चालू आहे की थांबली, हेही नीट कळत नाही. बातम्यांत एखाद्या दिवशी त्या समुद्राचं नाव येतं आणि मग महिनाभर येत नाही. कुठलं आरमार तिथे उभं आहे, कोण कुणाला धमकावतंय, यावर शिक्षकांच्या खोलीत चर्चा होते. मी त्या खोलीत असलो की उठून व्हरांड्यात जातो. लोकांना वाटतं मला कंटाळा आला. सहकारी कधीमधी विचारतात, "सर, तुमचा तर हाच विषय, तुम्हाला काय वाटतं?" मला काहीच वाटत नाही. पूर्वी जे वाटायचं ते कुठून यायचं, तेही आता कळत नाही.

महिन्यातून एका रविवारी मी बाळापूरला जातो. जाऊन फायदा काय, असं बायको विचारते. तिचं म्हणणं चुकीचं नाही. मी गेलो की मिस्त्री रंधा बाजूला ठेवतात, भुसा झाडून पाटावर जागा करतात. एक प्रश्न ठरलेला.

"काही खबर?"

"नाही."

मग आम्ही पाऊस, सोयाबीन, रस्त्यावरून जाणारे ट्रक असं काहीबाही बोलतो. गेल्या खेपेला त्यांनी तोही प्रश्न विचारला नाही. मी बराच वेळ वाट पाहिली. त्यांनी चष्मा पुसला, नवी चौकट मापली, खूण करायची पेन्सिल कानामागे लावली आणि कामाला लागले. कप रिकामा झाला तेव्हा उठलो. "येतो," म्हणालो. त्यांनी मान हलवली, वर बघितलं नाही. रस्त्यावर येऊन मी एसटीची वाट बघत उभा राहिलो. गाडी भरून आली होती, कंडक्टरने थांबवली नाही.